बाईकवरचा कॅम बकलचा पट्टा सारखा सैल पडतो? माझा अनुभव

लक्षण: सोलापुरातून निघताना कॅरिअरवर घट्ट बांधलेला तंबू नळदुर्गला पोचेपर्यंत एका बाजूला कललेला. पट्टा तुटलेला नाही, फक्त कॅम बकलमधून (दातांनी पट्टा पकडून ठेवणारं बकल) सरकलेला. जास्त ओढून पाहिलं, वर लवचीक दोरी टाकली, पट्टाही बदलला. वैताग नुसता!

उपाय या क्रमाने लागू पडला. आधी जुन्या टूथब्रशने बकलच्या दातांतली धूळ काढली. धूळ भरली की दात पट्ट्यात रुततच नाहीत. मग मोकळं टोक बकलच्या खालून घालून दात आणि बकलच्या धातूच्या पट्टीच्या मधून वर काढलं. सामानाकडची बाजू ओढल्यावर पट्टा अडकला पाहिजे. सरकला तर उलटा ओवलाय. बकल कोपऱ्यावर नको, सपाट भागावर हवं, नाहीतर दात तिरके बसतात. सोलापुरी चादरीसारखं मऊ सामान गुडघ्याने दाबून हवा काढायची, मगच ओढायचं. उरलेल्या टोकाची बकललगत ताणलेल्या पट्ट्याभोवती अर्धी गाठ. ते टोक चेन आणि सायलेन्सरपासून लांबच. स्वस्त पॉलिप्रॉपिलीनचा पट्टा साधारण १६० अंशांना वितळतो.

वाऱ्याने पट्टा फडफडत असेल तर मोकळ्या भागाला एक पीळ द्या. पाच-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा ओढा, मऊ सामान तेवढ्यात बसतंच.