ओठांवरील तापाच्या फोडांवर औषध घेताना या चुका टाळा

ओठाच्या कडेला आधी चुणचुण, मग जळजळ आणि काही तासांनी पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका, हा क्रम ज्यांच्या वाट्याला वरचेवर येतो, त्यांची तक्रार बहुधा एकच असते: औषध घेतले, पण गुण आला नाही. अशा वेळी औषध नेमके कधी सुरू केले, हे आधी विचारावे.

असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधे हे फोड आणणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूला मारत नाहीत. त्याच्या नव्या प्रती तयार होणे रोखतात. प्रती तयार होण्याचे काम फोड दिसण्याआधीच सुरू झालेले असते, त्यामुळे खपली धरल्यावर घेतलेल्या गोळीला रोखण्यासारखे फारसे काही उरत नाही. पहिली चुणचुण हीच औषधाची वेळ, आणि ती बहुधा अवेळीच येत असल्याने डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गोळ्या आधीच घरात ठेवाव्यात.

दुसरी चूक मात्रेची. मूत्रपिंडे निरोगी असलेल्या प्रौढांसाठी व्हॅलासायक्लोव्हिरची प्रचलित मात्रा 2 ग्रॅम आणि 12 तासांनी पुन्हा 2 ग्रॅम, एवढीच आहे. 500 मिलिग्रॅमच्या चार गोळ्या एकदम घ्यायच्या म्हटल्यावर अनेकजण बिचकतात आणि रोज एक अशा चार दिवस पुरवतात. त्यात नेमका मोक्याचा पहिला दिवस वाया जातो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र मात्रा कमी करावी लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. नागिणीच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या त्याच हिशेबाने घेणेही चुकीचे, कारण नागिणीचा विषाणू वेगळा आणि तिची मात्राही वेगळी.

असायक्लोव्हिरचे 5 टक्के मलम दिवसातून पाच वेळा लावायचे असते. सकाळ-संध्याकाळ लावून भागत नाही. ते चोळू नये, अलगद टेकवावे आणि आधी व नंतर हात धुवावेत. घरात पडलेले स्टेरॉइडचे मलम आपल्या मनाने लावू नये. प्रतिजैविकाच्या मलमाचा विषाणूवर परिणामच होत नाही.

अपेक्षाही बेताची असावी. औषधाविना हे फोड साधारण 7 ते 10 दिवसांत बरे होतात आणि वेळेवर घेतलेले औषध त्यातला जेमतेम एखादा दिवस वाचवते. विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत सुप्त राहतो, तिथून त्याला कोणतेही औषध हटवत नाही. म्हणून फोड पुन्हा आले तर ते उपचाराचे अपयश समजू नये. वर्षातून सहा किंवा अधिक वेळा त्रास होत असेल, तर रोजच्या प्रतिबंधक मात्रेविषयी डॉक्टरांशी बोलावे.

तोंडाच्या आतला छाला किंवा ओठाच्या कोपऱ्यातली चीर हा सहसा वेगळाच विकार असतो. मात्र फोड असताना डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा उजेड सहन होईना, तर मलमाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. या विषाणूने बुबुळाला इजा होऊन दृष्टी अधू होऊ शकते.