जुनापाणीच्या शिळावर्तुळांजवळ पोरांना काय विचारावं

नागपूरच्या काटोल रोडवरच्या जुनापाणीला, म्हणजे लोहयुगातल्या गोट्यांच्या वर्तुळातल्या कबरींपाशी, सहल नेली, की सातवीतली पोरं हटकून म्हणतात, "मॅडम, भाला निघाला म्हणजे माणूस, मणी निघाले म्हणजे बाई." लगेच खोडू नका. "कशावरून?" एवढंच विचारा.

मग पेरू देशातली विलामाया पात्खाची कबर सांगा. सुमारे 9000 वर्षांपूर्वीची, शिकारीच्या दगडी अवजारांसकट. आणि दातांतल्या प्रथिनांवरून कळलं, ती 17 ते 19 वर्षांची पोरगी होती. सोबत पुरलेल्या वस्तूंवरून बाई की माणूस ठरवायचं नाही. त्यासाठी कमरेचं हाड नाहीतर दात बघायचे.

आता खरा प्रश्न : लग्नानंतर गाव कोणी सोडलं? प्रत्येक पोरानं आई-बाबा, आजी-आबांचं जन्मगाव घरून विचारून आणावं आणि जिल्ह्यांच्या नकाशावर खूण करावी. समजा, एक आजी भंडाऱ्याकडची निघाली. तिकडं बराच भाग जुन्या ग्नाइस खडकाचा, काटोलकडं काळा बेसाल्ट. पहिल्या दाढेचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, साधारण जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत बनतं आणि त्या वेळच्या अन्नपाण्यातलं स्ट्रॉन्शियम (खडकातून अन्नपाण्यात उतरणारं मूलद्रव्य) त्यात कायमचं बसतं. स्ट्रॉन्शियमचे 87 आणि 86 असे वेगळ्या वजनाचे प्रकार असतात; बेसाल्टवर 87 चं 86 शी प्रमाण कमी, जुन्या ग्नाइसवर जास्त. आजी साठ वर्षं काटोलात नांदली तरी दाढ माहेरचंच सांगेल. अक्कलदाढ बरीच उशिरा बनते; तिचा आकडा वेगळा आला तर लहानपणीच गाव सुटलं असं समजावं. हाडावर विसंबू नका. ते आयुष्यभर बदलत राहतं, शिवाय मातीतलंही शोषून घेतं.

इथं पोरांना नीट थांबवा. आर्वीची सून काटोलात आली तर दाढेवरून कळणारच नाही, दोन्हीकडं बेसाल्टच. म्हणून उत्खननाच्या अहवालात 'स्थानिक' वाचलं की 'तशाच खडकावरचा' एवढंच समजायचं.

मग दोन गावं शेजारीशेजारी ठेवा. जर्मनीतल्या लेख नदीच्या खोऱ्यात कांस्ययुगाच्या आसपासच्या 84 जणांचा अभ्यास 2017 साली आला; बऱ्याच बाया बाहेरून आलेल्या, पुरुष बहुतेक तिथलेच. इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या लोहयुगीन दफनांच्या डीएनएत मात्र उलटं निघालं (2025) : आईकडून आलेलं घराणं टिकून, बाहेरून आले ते पुरुष. पोरांनी घरजावई पाहिलेला असतो, त्यांना हे पटकन समजतं. आपल्या घरची रीत विदर्भातल्या लोहयुगावर लादायची नाही, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते.

जुनापाणीला एकही गोटा हलवू देऊ नका. वावरात नांगरताना दात-हाड निघालं तर धुऊ नये, उचलू नये. फोटो काढून पुरातत्त्व खात्याला कळवावं.