जर्मनीत नगरपालिकेशी विकास करार करताना

बांधकाम संहितेच्या कलम 11 नुसार करार लेखीच हवा. त्यात जमिनीचे हस्तांतर असेल तर नोटरीकडेच करा, नाहीतर तो रद्दबातल.

‘आराखडा (जमिनीवर काय बांधता येईल ते ठरवणारा) मंजूर करूच’ असे वचन नगरपालिकेकडून लिहून घेऊ नका, ते कायद्याने टिकत नाही. खरा घोळ खर्चात होतो. पाळणाघर, रस्ते यांचा खर्च या प्रकल्पामुळेच उद्भवलेला आणि वाजवी असावा. हिशेब फायलीत जोडा. विकासकाला जी परवानगी हक्काने मिळणारच, तिच्या बदल्यात काही मागता येत नाही.

कलम 12 च्या प्रकल्पात, म्हणजे विकासकाच्या ठरावीक प्रकल्पासाठीच आराखडा केला जातो तिथे, अंमलबजावणी करार (प्रकल्प मुदतीत पूर्ण करण्याची विकासकाची हमी) आराखड्याच्या अंतिम ठरावाआधी व्हायलाच हवा. त्यात बांधकामाची मुदत घाला. ती हुकली तर नगरपालिकेने आराखडा मागे घ्यावा, असे कायदा सांगतो आणि त्याबद्दल विकासकाला भरपाई मिळत नाही. रस्त्यांच्या कामासाठी नगरपालिकेने विकासकाकडून बँक हमी आधीच घ्यावी.