धबधबा आणि गरम पाण्याचे झरे एकाच दिवसात: या चुका टाळा

सकाळी चढण, दुपारी धबधबा, उतरताना गरम पाण्याचं कुंड. शिवाय गाइड सोबत आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण गाइडला वाट माहीत असते; तुमचं बीपी, दुखरा गुडघा, पोहता येतं की नाही, हे त्याला तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं? निघण्याआधी बाजूला घेऊन सांगाच. गरोदर असाल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर गरम कुंडात उतरण्याबद्दल घरूनच डॉक्टरांना विचारून या.

नवे कोरे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबून पट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका. जीन्सही नको, एकदा भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही.

धबधब्यापाशी

सगळ्यांना फोटो हवा असतो तो थेट धारेखालचा, आणि नेमकी तीच जागा वाईट. पाण्याबरोबर वरून दगड सुटून येतात. धारेखालच्या फेसाळ पाण्यात इतकी हवा मिसळलेली असते की अंग नेहमीसारखं तरंगत नाही, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही तिथे दमतो. खोली माहीत नसताना सूर मारणं तर नाहीच.

डोक्यावर लख्ख ऊन असलं, तरी वरच्या डोंगरात पाऊस कोसळत असू शकतो. नितळ पाणी अचानक गढूळलं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, पाण्याचा आवाज वाढला, की समजा लोंढा येतोय. लगेच उंच जागी चढा. सॅक राहिली, चप्पल राहिली, तर राहू द्या. आणि मधल्या काळात ओढा फुगून परतीची वाट अडली असेल, तर पाणी ओसरेपर्यंत थांबायचं. उशीर झाला म्हणून गाइडच्या मागे लागू नका.

गरम कुंडात

धबधब्याला सगळे घाबरून असतात, कुंडाला कोणी घाबरत नाही. म्हणून मला काळजी वाटते ती कुंडाचीच.

झरा उगमाशी उकळता असू शकतो. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्याने काही सेकंदांत खोलवर भाजतं, त्यामुळे 'हात घालून बघू' हा प्रयोग नको. झऱ्याच्या आसपासची जमीन वरून टणक दिसली तरी कुठे कुठे नुसता पातळ पापुद्रा असतो आणि खाली कढत पाणी. आखलेली वाट सोडू नका. अंघोळीसाठी ठरवून दिलेल्या कुंडातच उतरा.

पाणी ४० अंशांच्या आसपास असेल, तर दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आमच्या गटातला एक मित्र चढणीवर घामाघूम झालेला, दुपारपासून घोटभरही पाणी न प्यायलेला. तो अर्धा तास गळ्यापर्यंत बसून राहिला आणि झटक्यात उठला. ओठ पांढरे पडले, हात कठडा शोधत होता, पण नजर कुठे लागत नव्हती. शेजारच्याने काखेत हात घालून धरला म्हणून डोकं दगडावर आपटलं नाही. उष्णतेने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, त्यात उभं राहिलं की मेंदूला रक्त कमी पडतं. असं झालं तर त्या माणसाला सावलीत आडवं करा, पाय उंच ठेवा, नीट शुद्धीवर आला की घोटघोट पाणी द्या. बाहेर येतानाही आधी काठावर बसा, मग उठा. दारू पिऊन कुंडात उतरणं म्हणजे हाच धोका दुप्पट करून घेणं.

डोकं पाण्याखाली घालू नका, लहान मुलांनाही घालू देऊ नका. कोमट-गरम गोड्या पाण्यात एक अमिबा राहू शकतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हा आजार फार दुर्मिळ आहे, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो.

सडक्या अंड्यासारखा वास येतो तो गंधकयुक्त वायूचा. उघड्यावरचा हलका वास चालतो, पण खोलगट, बंदिस्त जागी डोकं दुखू लागलं किंवा डोळे चुरचुरले, तर ताबडतोब मोकळ्यावर या. हा वायू फार वाढला तर वास येणंच बंद होतं, म्हणून 'आता वास गेला' यावर विसंबू नका. चांदीची अंगठी, पैंजण आधीच काढून ठेवा, काळी पडतात. साबण-शाम्पू सॅकमध्येच राहू दे.

कुंडातून निघून लगेच उतरायला लागू नका. अंग सैल पडलेलं असतं, अशा वेळी घोटा पटकन मुरगळतो. वीस मिनिटं बसा, पाणी प्या, काहीतरी खा, कोरडे मोजे चढवा. गाइड पुढे असेल तर शेवटी चालायला कोण, हेही तेव्हाच ठरवा. त्या शेवटच्या माणसाच्या मागे कोणी राहायचं नाही. अंधार पडायच्या बेतात असेल, तर टॉर्च सॅकच्या तळातून काढून आताच हातात घ्या.