निर्वासित मुलांसोबत भिंत रंगवायची आहे? या चुका टाळा

दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या रंगवलेल्या भिंती बघून आलेला उत्साही माणूस दुसऱ्याच दिवशी विचारतो, "विकासपुरीतल्या चिन मुलांना घेऊन आपणही एक करूया का? शनिवार-रविवारात उरकेल." उरकेल की. भिंत उरकेल. दिल्लीत म्यानमारहून आलेली चिन कुटुंबं (चिन ही तिथली जमात, चीन देशाशी संबंध नाही) विकासपुरी-हस्तसालकडे राहतात, अफगाण लाजपतनगर-भोगलला, रोहिंग्या कालिंदी कुंजजवळ. भिंत कोरी आहे, ही त्यांच्या मुलांची अडचण नाही. त्याच गल्लीतली मुलं त्यांच्याशी बोलत नाहीत, ही अडचण आहे.

कलाकार काढतो, मुलं भरतात

सगळ्यात जुनी चूक, आणि दरवर्षी नव्याने होते. पश्चिम दिल्लीतल्या एका गल्लीचं उदाहरण घ्या. कलाकाराने रात्री प्रोजेक्टर लावून भिंतीवर मोठं झाड उतरवलं. सकाळी वीस मुलं आली, प्रत्येकाच्या हातात नवा ब्रश आणि रंगाचा कप. चिन मुलं डाव्या कोपऱ्यात पानं रंगवत राहिली, गल्लीतली मुलं उजवीकडे फांद्या. संध्याकाळी फोटो झकास आला. दिवसभरात दोन्ही टोळ्यांमध्ये एका वाक्याचीही देवाणघेवाण झाली नव्हती, कारण कुणाला कुणाची गरजच पडली नाही. दीड महिन्यात झाडाच्या बुंध्यावर कोचिंग क्लासची पत्रकं चिकटली. कुणी काढली नाहीत. काढणार कोण? त्या भिंतीचा एक तुकडाही कुणाचा नव्हता.

यावरचा तोडगा चौकटींचा. भिंत 10 फूट उंच, 20 फूट रुंद धरा. कागद 10 इंच बाय 20 इंच, म्हणजे इंचाला फूट. चित्र मुलांनीच आधीच्या तीन-चार भेटींत ठरवलेलं. कागदावर इंचाच्या चौकटी, भिंतीवर गवंड्याच्या सुताला खडूची पूड लावून फुटाच्या. कागदाचे पाच बाय पाचचे आठ तुकडे करा आणि सोळा मुलांच्या आठ जोड्यांना वाटा: प्रत्येक जोडीत एक निर्वासित, एक गल्लीतला. आता प्रत्येक तुकड्याची कड शेजारच्या जोडीच्या कडेला जुळायलाच हवी. रस्त्याची रेघ इथे तिसऱ्या चौकटीत संपली आणि तिकडे चौथीत सुरू झाली की भांडण होतं. होऊ द्या. पाच मिनिटं मध्ये पडू नका. "रुको", "थोड़ा ऊपर", "तेरा ग़लत है" ही हिंदी कुठल्याही वर्गापेक्षा लवकर इथे येते.

वरच्या ओळीसाठी चार फुटी घोडे आणि जाड फळ्या लावा, शेजारी मोठं माणूस उभं ठेवा. शिडीवर मूल चढवायचं नाही.

आणि ब्रश कमी आणा. सोळा मुलांना आठ. पाण्याचा डबा दोन जोड्यांत एक. देणगीदार सगळ्यांना नवीन संच देतो म्हणाला तर गोड बोलून टाळा. ज्याच्याकडे सगळं आहे तो कुणाकडे काही मागत नाही.

"तुझी गोष्ट काढ"

हे वाक्य ऐकलं की हात जोडावेसे वाटतात. कागद पुढे ठेवून चौदा वर्षांच्या मुलाला "तू इथवर कसा आलास ते काढ" म्हणायचं, त्याने जळतं घर काढलं की डोळे पुसायचे, आणि दोन तासांनी रिक्षा पकडायची. तो मुलगा ते घर डोक्यात घेऊन एकटाच खोलीवर जातो. शिवाय गल्लीतल्या मुलांसमोर तो आता "बिचारा" झाला, ही वेगळीच शिक्षा.

विषय आजचा आणि इथला घ्या. पाण्याचा टँकर, कोपऱ्यावरचा मोमोवाला, गच्चीवरून दिसणाऱ्या तारा. अफगाण मुलं असतील तर पतंग: काबूललाही पेच लढवायची जुनी हौस आहे आणि दिल्लीचं आकाश 15 ऑगस्टला भरलेलं असतंच, त्यामुळे दोन्हीकडची मुलं तज्ज्ञ असतात आणि दोघांनाही तावातावाने बोलायचं असतं. जळतं घर न विचारता आलंच, तर थांबवू नका, खोदून विचारू नका, भिंतीवर लावू नका. मुलांसोबत काम करणाऱ्या समुपदेशकाशी पहिल्या दिवसाआधीच बोलून ठेवलेलं असलं पाहिजे. नंतर शोधाशोध कामाची नाही.

झेंडे काढायला सांगू नका. म्यानमारचा झेंडा 2010 मध्ये बदलला, अफगाणिस्तानात तिरंगी की तालिबानचा पांढरा यावरून वर्ग पेटतो.

भिंतीची घाई

ओली भिंत रंग धरत नाही. दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि 24 तासांनी उचला. आतून दव दिसलं तर दुसरी भिंत शोधा. लोणा लागलेली भिंत नुसती खरवडून चालत नाही, ओल कुठून येते ते आधी बंद करावं लागतं. नवं प्लास्टर 28 दिवस तसंच ठेवा. स्वस्त पडतं म्हणून डिस्टेंपर आणाल तर जुलैत चित्र गटारात. बाहेरचं इमल्शन घ्या: दोन हात (थर) द्यायचे तर लिटरमागे साधारण 50 चौरस फूट, म्हणजे आपल्या भिंतीच्या पांढऱ्या पायाला चार लिटर, आधी प्रायमर. स्टेनर, म्हणजे पांढऱ्यात मिसळायचा दाट रंग, लिटरला साधारण 50 मिलीच्या वर गेला की रंग वाळला तरी हाताला लागतो. गडद रंग तयारच विकत घ्या. जानेवारीच्या धुक्यात रंग वाळत नाही, मेमध्ये ब्रशवरच वाळतो. फेब्रुवारी-मार्च उत्तम, मात्र रमजान आणि परीक्षा आधी बघा.

बाकीच्या, थोडक्यात

"म्यानमारची मुलं" म्हणून एकच बर्मी दुभाषी आणणं. चिन मुलं घरी तेदिम, हाखा, फलाम अशा वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि रोहिंग्यांची भाषा बर्मी नाहीच. अफगाणांमध्ये दरी की पश्तो, हेही आधी विचारा.

मुली येत नाहीत म्हणून कुरकुर. वेळ दुपारची ठेवा, आईला बसायला सतरंजी आणि चहा द्या, येतात.

वारली. मराठी स्वयंसेवकांनो, हे तुम्हाला. त्रिकोण-त्रिकोण जोडून माणूस होतो हे खरं, पण आपली परंपरा त्यांच्या भिंतीवर उतरवून ती "मिसळली" असं होत नाही. हातखंडा काही दाखवायचाच असेल तर गोधडी घ्या: एक फुटाचे चौकोन, प्रत्येकाच्या घरचं जुनं कापड. चिन बायका पाठीला पट्टा बांधून मागावर विणतात, त्या मग आपल्याला शिकवतात.

फोटो. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, या कुटुंबांची कागदपत्रांची बाजू नाजूक असते आणि चेहरा ओळखला गेला तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो. हात, पाठ, रंगाचे डबे टिपा. संमती पालकांच्या भाषेत लेखी घ्या, आणि फोटो दाखवून पुन्हा एकदा विचारा.

परवानगी. मालक "कर लो" म्हणाला याला परवानगी म्हणत नाहीत. एका कागदावर सही घ्या, भिंत सरकारी असेल तर महापालिकेचं पत्र.

उद्घाटन झालं की पसार होणं. आठ ते दहा आठवडे, आठवड्यातून एकदा दोन तास, याहून कमी वेळ असेल तर हात घालू नका. जाताना प्रत्येक रंगाचा पाव लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गल्लीतल्या किराणावाल्याकडे ठेवा, आणि झाकणावर रंगाचं नाव मुलांकडूनच लिहून घ्या, जितक्या लिप्या येत असतील तितक्यांत.