लेव्हलचा नुसता आकडा बघून फॉर्म भरू नका: या चुका टाळा

ॲडमिशनचे दिवस आले की मुलं कागद घेऊन माझ्याकडे फॉर्म भरायला येतात आणि दरवर्षी तेच, सर्टिफिकेटवरची लेव्हल (शिक्षणाचा दर्जा सांगणारा आकडा) बघायची, कोणती लेव्हल म्हणजे कोणतं शिक्षण असा मोबाईलवर फिरणारा तक्ता उघडायचा, दोन्ही आकडे जुळले की खूश.

मागच्या वर्षी एक मुलगी आली. २०१९ च्या एका कौशल्य कोर्सचं सर्टिफिकेट, नीट लॅमिनेट केलेलं, त्यावर ‘एनएसक्यूएफ लेव्हल ५’. एनएसक्यूएफ म्हणजे कौशल्य कोर्सना लेव्हल ठरवून देणारा सरकारी आराखडा. नव्या तक्त्यात ५ म्हणजे पदवीची दोन वर्षं पूर्ण, म्हणून तिने थेट तिसऱ्या वर्षाला अर्ज केला आणि त्या भरवशावर पहिल्या वर्षाचा फॉर्मच भरला नाही. अर्ज नाकारल्याचं कळलं तेव्हा पहिल्या वर्षाच्या तारखा उलटून गेल्या होत्या. अख्खं वर्ष गेलं पोरीचं. कोर्सवाल्यांनी ‘हे डिप्लोमाच्या बरोबरीचंच आहे’ असं तोंडी सांगितलेलं, त्याचा मला अजून संताप येतो.

२०१३ साली एनएसक्यूएफ आलं तेव्हा लेव्हल १० होत्या, २०२३ मध्ये त्या ८ केल्या आणि मधे ४.५, ५.५ अशा अर्ध्या पायऱ्या घातल्या. म्हणजे जुना ५ वेगळा, नवा ५ वेगळा. आणि समजा तो नवाच असता तरी? सर्टिफिकेटवर खाली बारीक अक्षरात २१० तास लिहिलेलं होतं. ३० तासांना १ क्रेडिट, म्हणजे झाले ७. कॉलेजच्या एका वर्षाला १२०० तास, ४० क्रेडिट लागतात. लेव्हल सांगते शिकलात ते किती वरच्या दर्जाचं, किती शिकलात ते क्रेडिट सांगतं. माझी सवय अशी की झेरॉक्सवर पेन्सिलने आधी साल लिहायचं, मग तास, मग सर्टिफिकेट कोणी दिलं ते, आणि लेव्हल सगळ्यात शेवटी बघायची. पाच मिनिटं लागतात, पण मुलांना तेवढाही धीर नसतो.

परदेशी जाणाऱ्यांनी तर आकड्याला आकडा लावूच नका. आपली तीन वर्षांची पदवी ५.५, चार वर्षांची ६, इंग्लंडात पदवी ६ आणि ऑस्ट्रेलियात ७, कारण प्रत्येकाची शिडी वेगळी, ऑस्ट्रेलियाची तर १० पायऱ्यांची आहे. म्हणून आपली पदवी खालची ठरत नाही. त्या विद्यापीठाला सरळ ईमेल करून विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

लेव्हल सारखी म्हणजे नोकरीला पात्र असंही नाही, जाहिरातीत कोणती पदवी मागितलीय ते वाचा.

आणि पहिल्या वर्षानंतर कॉलेज सोडलं की सर्टिफिकेट आपोआप मिळतं असं समजू नका, यूजीसीच्या आराखड्यात ४० क्रेडिटशिवाय उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्होकेशनल कोर्सही करावा लागतो, आणि परत यायचं तर तीन वर्षांच्या आत.