घरी बीपी मोजताना या चुका टाळा (मशीन परत आणण्याआधी वाचा)

मेडिकलच्या काउंटरवरून बीपीचं मशीन विकलं गेलं की आठवड्याभरात ते परत येण्याची शक्यता बरीच असते. डब्यासकट, बिलासकट. तक्रारही ठरलेली: "हे चुकीचं दाखवतंय. डॉक्टरांकडे एक येतं, घरी भलतंच." मी माणसाला खुर्चीत बसवतो, पाच मिनिटं गप्प राहायला सांगतो आणि त्याच मशीनवर मोजतो. मशीन बहुतेक वेळा धडधाकट निघतं.

आधी आकड्यांचं थोडक्यात. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावताना धमन्यांमध्ये असलेला दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला. १२०/८० च्या खाली असेल तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिलं तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब धरतात. घरी माणूस निवांत असतो, म्हणून घरच्या सरासरीसाठी ही रेघ १३५/८५ वर आहे. अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० पासूनच उच्च रक्तदाब म्हणतात. त्यामुळे न्यू जर्सीतला मुलगा व्हिडिओ कॉलवर आईचं १३४ बघतो आणि इथे सगळ्यांची झोप उडवतो. दोघांचेही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असतात. गोळी लागेल का, हे वय, साखर, किडनी आणि हृदयाचा इतिहास बघून ठरतं.

पट्टा दंडाच्या मापाचा नसणं

माझ्या डोक्यात जाणारी ही पहिली चूक. मशीन घेताना लोक स्क्रीन केवढी आहे, बोलतं का, ब्लूटूथ आहे का, सगळं विचारतात. पट्ट्याचं माप कुणी विचारत नाही.

आमच्याकडे एक काका येतात. तरुणपणी तालमीत घालवलेली वर्षं अजून दंडावर दिसतात. त्यांनी ऑनलाइन सवलतीत मशीन मागवलं आणि वही घातली. तारीख, वेळ, वरचं, खालचं, पल्स. लाल पेनाने आखलेले रकाने. वरचा आकडा सतत १५५ ते १६५. डॉक्टरांनी वही बघून डोस वाढवला. इतकी नीट ठेवलेली वही बघून कुणीही वाढवला असता. पुढे देवपूजा करून उठताना काकांना अंधारी यायला लागली. एकदा देवघराच्या चौकटीला धरून उभे राहिले म्हणून पडायचे वाचले. मग चक्करेची गोळी मागायला माझ्याकडे आले.

गोळी देण्याआधी मी त्यांना मशीन घेऊन यायला सांगितलं. पट्टा बांधला तर वेल्क्रोचं जेमतेम टोक चिकटत होतं. हवा भरायला लागली की ते टर्रकन सुटायचं, आणि काका दुसऱ्या हाताने दाबून धरायचे! पट्ट्यावर स्पष्ट छापलेलं: २२ ते ३२ सेंटिमीटर. टेप लावली, दंड ३८ भरला. मोठा पट्टा लावून मोजलं तर १३० च्या घरात आलं आणि उभं केल्यावर आणखी खाली गेलं. ते आकडे घेऊन त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं, डोस कमी झाला आणि अंधारी थांबली.

यामागचं कारण साधं आहे. पट्ट्यातली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराचा साधारण ८० टक्के भाग वेढेल एवढी हवी. ती तोकडी असली की धमनी दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन ती जास्तीची हवाच बीपी म्हणून दाखवतं. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोजून दाखवलं की ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा बांधला तर वरचा आकडा जवळजवळ २० ने फुगतो. उलट किडकिडीत दंडावर मोठा पट्टा बांधला तर आकडा कमी येतो आणि खरं बीपी लपून राहतं.

मी काउंटरखाली शिंप्याची टेप ठेवली आहे. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये घेर मोजतो, मगच मशीन दाखवतो. दोन मिनिटं थांबायला ज्याला वेळ नाही, त्याने खुशाल ऑनलाइन घ्यावं.

बांधतानाही घोळ होतात. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर हवी, नळी आतल्या बाजूने. आत एखादं बोट सरकेल इतपत घट्ट. शर्टाच्या बाहीवरून बांधू नये, आणि बाही गुंडाळून दंडाला काच बसेल अशीही ठेवू नये. बायकांच्या ब्लाउजच्या घट्ट बाह्यांचं हेच होतं. गाऊन किंवा सैल बाहीचं काहीतरी घालून मोजावं.

हात कुठेही ठेवणं

आपल्याकडे मशीन टीपॉयवर किंवा थेट जमिनीवर असतं. माणूस मांडी घालून बसतो आणि हात मांडीवर. दंड हृदयाच्या पातळीच्या जितका खाली, तितका आकडा वर जातो. दर १० सेंटिमीटरला साधारण ७-८. डायनिंगची खुर्ची घ्या, पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीवर, हात टेबलावर, टेबल बुटकं असेल तर खाली उशी. सोफ्यात रुतून मोजू नका.

बाकीच्या, पटापट

लघवी तुंबवून मोजू नका.

चहा, विडी, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्या. गालात तंबाखू धरून "मी सिगारेट ओढत नाही" म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे. मिसरीलाही.

मोजताना बोलू नका. "किती आलं?" हेसुद्धा नंतर.

पहिल्या वेळी दोन्ही हातांचं बघा, ज्याचं जास्त येईल तो हात कायमचा. फरक सतत १५ च्या पुढे असेल तर डॉक्टरांना सांगा. डायलिसिसची फिश्चुला (त्यासाठी शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेली जागा) असलेला हात मात्र कधीच वापरायचा नाही.

मनगटावरचं मशीन हृदयाच्या पातळीवर धरलं तरच उपयोगाचं, आणि तसं कुणी धरत नाही. कॅमेऱ्यावर बोट ठेवून बीपी सांगणारं मोबाइल ॲप काढून टाका.

"शंभर अधिक वय" हा हिशेब विसरा. सत्तरीत धमन्या कडक होतात, वरचा आकडा १७० जातो आणि खालचा ७५ राहतो. वयामुळे हे होतं हे खरं, पण त्याने पक्षाघाताचा धोका कमी होत नाही.

सैंधव हेही मीठच. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चमचाभर. लोणचं, पापड आणि फरसाणही त्याच हिशेबात.

गुडघ्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतल्यानेही वाढतं. हे डॉक्टरांना कुणी सांगत नाही, कारण ते "औषध" वाटत नाही.

एका मागोमाग एक मोजत सुटणं

ही माझी दुसरी आवडती. एकदा रात्री शटर अर्धं ओढलेलं असताना एक वहिनी धापा टाकत आल्या. सासूबाईंचं १७८ आलं होतं. घाबरून परत मोजलं, १८४. घरातले सगळे भोवती जमले, परत मोजलं, १९१. "जिभेखाली ठेवायची ती कॅप्सूल द्या, आमच्या आजोबांना द्यायचे."

ती कॅप्सूल म्हणजे निफेडिपिन. टोचून जिभेखाली पिळायची पद्धत पूर्वी सर्रास होती. बीपी धाडकन कोसळून हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात झाल्याचं दिसल्यावर १९९० च्या दशकातच त्याविरुद्ध इशारे दिले गेले. लोकांच्या आठवणीतून मात्र ती गेलेली नाही. मी दिली नाही. छातीत दुखतंय का, दम लागतोय का, तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, हातापायात जोर नाही, दिसायला अंधुक, असं काही आहे का, ते विचारलं. काहीच नव्हतं. संध्याकाळी घरात वाजलं होतं, एवढंच. डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी सांगितलं तसं मशीन कपाटात, दिवा बारीक, माणसं खोलीबाहेर. अर्ध्या तासाने १५२. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं.

यातलं एक जरी लक्षण असतं, तर माझ्या दुकानात येण्यात वेळ घालवायचाच नव्हता. १८०/१२० च्या वर आणि सोबत लक्षण असेल तर थेट १०८. आकड्याचा पत्ता नसला, तरी तोंड वाकडं झालं की १०८.

एरवी माझी सवय अशी: सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी दोन रीडिंग, मध्ये एक मिनिट, रात्री जेवणाआधी पुन्हा दोन. डॉक्टरांकडे जायच्या आधीचा आठवडा असं करायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा, बाकीच्यांची सरासरी काढायची. बाकी वर्षभर मशीनला सुट्टी द्यायला हरकत नाही. रोज दहा वेळा मोजणाऱ्याला काळजीशिवाय काही मिळत नाही. आणि नकोसे आकडे वहीतून गाळू नका. १३८ चं १३० लिहिणारे मी पाहिले आहेत. डोळ्यांसमोर लिहितात.

"आता नॉर्मल आलंय" म्हणून गोळी बंद करणं

गोळी चालू आहे म्हणून नॉर्मल आलंय. डोकं दुखलं की गोळी, नाही दुखलं की नाही, हे धोरणही असंच. वाढलेलं बीपी बहुतेकांना वर्षानुवर्षं जाणवतसुद्धा नाही, डोकेदुखी त्याची खूण नाही. काही गोळ्या, उदाहरणार्थ क्लोनिडिन, एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारून आधीपेक्षा वर जातं. कमी करायची असेल तर डॉक्टर कमी करतील, जशी त्या काकांची केली.

मशीनवरची खूण न वाचणं

सेल उतरलेत हे दाखवणारी खूण सगळ्यांना कळते. त्याच्या शेजारी कधीकधी हृदयाचं वेडंवाकडं चित्र लुकलुकतं, त्याकडे कुणी बघत नाही. ठोके अनियमित आहेत असा त्याचा अर्थ. पट्टा हलला, माणूस बोलला तरी ती येऊ शकते, त्यामुळे एकदा दिसली तर शांत बसून परत मोजा. वारंवार दिसत राहिली तर ईसीजी काढून घ्या. काही जणांना एट्रियल फिब्रिलेशन असतं, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, आणि तो टाळण्याची औषधं आहेत. अशा माणसाचे आकडे दर वेळी मागेपुढे होतात, म्हणून दोनऐवजी तीन रीडिंग घेऊन सरासरी काढायची.